चार मीटरच्या आतली गाडी

आपल्याकडच्या कित्येक छोट्या सेडानची डिकी मागून करवतीने कापल्यासारखी का दिसते, याचं उत्तर दिल्लीत आहे. २८ फेब्रुवारी २००६ रोजी अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं, आणि छोटी गाडी कशाला म्हणायचं तेही ठरलं. लांबी ४००० मिलिमीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. रुंदीबद्दल त्यात अक्षर नाही, उंचीबद्दल नाही, वजनाबद्दलही नाही. पुढच्या वीस वर्षांतल्या भारतीय गाड्यांची अंगकाठी या एका व्याख्येने घडवली, असं माझं ठाम मत आहे.

भोसरीत माझं डेंटिंग-पेंटिंगचं शॉप आहे. गाड्यांचं वेड त्याच्याही आधीपासूनचं. इंजिनवाला मेकॅनिक गाडी आवाजावरून ओळखतो, आम्ही पत्र्यावरून. ठोकलेली गाडी आली की बंपर उतरवायचा, डिकीचं लायनिंग काढायचं, क्वार्टर पॅनेल आतून बघायचं. एवढं उघडलं की कंपनीने ती गाडी पहिल्यापासून तशीच काढली होती, की दुसऱ्याच गाडीची काटछाट करून बनवली होती, हे लपत नाही. माझी सगळी मतं तिथून येतात.

नियमाचा पहिला मोठा फायदा टाटांनी उचलला. पिंपरीत बनणारी इंडिका १९९८ च्या डिसेंबरात आली होती, तिच्यावर डिकी चढवून २००२ मध्ये इंडिगो काढली होती. तिची लांबी ४१५० मिमी, म्हणजे सवलतीच्या बाहेर. २००८ मध्ये इंडिगो सीएस आली, ३९८८ मिमीची. मधे गेले ते १६२ मिमी, एका वितेहूनही कमी. तेवढ्यावर किंमत इतकी खाली आली की हॅचबॅकच्या पैशात सेडान मिळू लागली. टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली आणि डिकीवाल्या गाडीचं स्वप्न बघणाऱ्या अनेक घरांतही ती गेली. हा उपकार मी कमी लेखत नाही. पण त्या दिवसापासून गाडीचं चित्र काढायला बसणाऱ्याच्या हातात पेन्सिलीआधी टेप आली.

शॉपमध्ये नवीन पोरगा आला की मी फरशीवर खडूने गाडी काढून दाखवतो. सेडानचे तीन भाग. पुढे बॉनेट, मधे माणसं, मागे डिकी. बॉनेट आखूड करता येत नाही, कारण आत इंजिन आहे, रेडिएटर आहे, आणि समोरून धडक बसली तर चेपायला जागा लागते. माणसांची जागा कमी केली तर मागच्याचे गुडघे पुढच्या सीटला लागतात, आणि आपल्याकडे गाडी घेताना आई-वडिलांना मागे बसवूनच बघतात. चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, बदलायचा तर तळच नव्याने करावा लागतो आणि तो खर्च फार मोठा. मग उरतं काय? मागच्या चाकाच्या मागचा तुकडा. कात्री तिथेच चालते.

मारुतीची पहिली डिझायर २००८ ची. लांबी ४१६० मिमी, डिकी ४४० लिटर. २०१२ मध्ये दुसरी आली ती ३९९५ मिमीची, आणि डिकी ३१६ लिटरवर आली. तिच्या बाजूला उभं राहून बघा. पुढून मागच्या दरवाज्यापर्यंत ती स्विफ्ट आहे. स्विफ्टचं छप्पर मागे जाऊन संपावं अशाच बेताने काढलेलं होतं. डिझायरमध्ये तिथे काच संपते न संपते तोच डिकीचा उभा पत्रा खाली कोसळतो. नजर मागे सरकायला लागते आणि तिथेच अडते. गाडी भरवशाची होती, भरपूर खपली, माझ्याकडेही सतत यायची. पण तिचं पुढचं आणि मागचं एकमेकांशी बोलत नव्हतं.

फोक्सवॅगनची आमियो तर आमच्या दारातली, चाकणची. २०१६ मध्ये खास भारतासाठी काढलेली. पोलोची लांबीच ३९७१ मिमी होती. डिकी लावायला किती जागा उरली? २४ मिमी! म्हणून कंपनीने मागचा ओव्हरहँग, म्हणजे चाकामागचा तुकडा, तर आखडलाच, पण समोरचा बंपरही नव्याने करून थोडा आत घेतला. पोलो ही तिच्या काळातली सर्वांत नीट घडवलेली हॅचबॅक होती. दरवाजा लावल्यावर येणारा तो घट्ट आवाज, पॅनेलांमधली सारखी फट, यासाठी मी तिचं आजही नाव घेतो. अशा गाडीला नाकाने आणि शेपटीने दाबून सेडान केली. ती काही वर्षांत बंद झाली तेव्हा मला वाईट वाटलं, कारण तिच्या पत्र्याच्या कामात खोट नव्हती. खोट आधीच्या निर्णयात होती.

महिंद्रांनी २०१२ मध्ये यापेक्षा मोठी उडी घेतली. झायलो ही ४५२० मिमीची गाडी त्यांनी ३९८५ मिमीवर आणली आणि तिला क्वांटो म्हटलं. अर्ध्या मीटरहून जास्त लांबी गेली, व्हीलबेस मात्र तोच राहिला. मागचं चाक गाडीच्या अगदी टोकाला गेलं. उंच आणि मागे काहीच नाही. लोकांनी ती फारशी स्वीकारली नाही, आणि लोकांचं बरोबर होतं.

याच महिंद्रांची बोलेरो मात्र बघा. २०१६ मध्ये तिचीही लांबी कमी केली, ४१०७ वरून ३९९५ मिमी, आणि दीड लिटरच्या आतलं तीन सिलिंडरचं इंजिन बसवलं. गावोगावच्या बोलेरोवाल्यांना ही काटछाट दिसलीसुद्धा नाही. सरळ पत्रे, काटकोनातले कोपरे, उभी काच. अशा पेटीतून ११२ मिमी काढले तरी ती पेटीच राहते. शिवाय सपाट पत्रा ठोकून सरळ करता येतो, बदलावा लागत नाही. तालुक्याच्या गावातला डेंटरही बोलेरोचं फेंडर दुपारपर्यंत जागेवर आणतो. गाडी पहिल्या दिवशी सुंदर दिसणं हा डिझाइनचा एक भाग झाला. दहा वर्षांनी ती परवडेल अशी दुरुस्त होणं हाही तितकाच मोठा भाग आहे, आणि कंपन्यांच्या जाहिरातींत तो कधी येत नाही.

मर्यादा वाईट नसते. मर्यादा शेवटी आठवणं वाईट. याचा पुरावा डिझायरनेच दिला. २०१७ मध्ये तिसरी डिझायर आली, तीही ३९९५ मिमीचीच. पण या वेळी नवा तळ होता, व्हीलबेस २४५० मिमी केला, गाडी रुंद केली, छप्पर खाली आणलं आणि मागची काच डिकीत उतरेल असा कोन दिला. लांबी एक मिलिमीटरही वाढली नाही, तरी डिकी ३७८ लिटर झाली. गणपतीला कोकणात जाणाऱ्या घराला ६२ लिटर म्हणजे दोन मोठ्या बॅगा तरी. ही गाडी बाजूने बघितली तर कुठे कापली ते बोट ठेवून दाखवता येत नाही.

टाटांची टिगोर त्याच वर्षीची. त्यांनी वेगळ्या दिसणाऱ्या डिकीचा हट्टच सोडला. छप्पर उतरतं ठेवून त्याच उतारात डिकीचं झाकण बसवलं. ती सेडान म्हणावी की हॅचबॅक यावर वाद घालणारे घालोत, मला ती प्रामाणिक वाटते. आणि त्याच वर्षीची नेक्सॉन. प्रताप बोस तेव्हा टाटांच्या डिझाइन विभागाचे प्रमुख होते. चार मीटरच्या आत उंच गाडी काढायची तर ती ठोकळ्यासारखी दिसण्याची भीती असते. त्यांनी छप्पर मागे झुकवलं आणि काचांच्या खालून, मागे चढत जाणारी फिकट रंगाची जाड पट्टी ओढली. नजर त्या पट्टीवरून धावते आणि गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते. शॉपमध्ये पहिली नेक्सॉन आली तेव्हा मी ती पट्टी हाताने चाचपून बघितली होती. एक साधा बाहेरून बसवलेला भाग, पण त्याने सगळ्या गाडीचा तोल सांभाळलाय.

जपानमध्ये अशी सवलत कितीतरी जुनी आहे. तिथली केई गाडी ३.४ मीटर लांब, १.४८ मीटर रुंद आणि ६६० सीसीची, याहून मोठी चालत नाही. तिथे रुंदीलाही लगाम असल्यामुळे वाढायला फक्त वरची बाजू उरली. म्हणून तिथल्या डिझायनरांनी उंच डब्यासारखी गाडी मनापासून स्वीकारली आणि त्यातच सौंदर्य शोधलं. आपली वॅगनआर मूळ तिथली, १९९३ ची. आपल्या नियमात रुंदीला आणि उंचीला मोकळीक आहे, म्हणून आपल्या बऱ्याच गाड्या पिढीगणिक रुंद किंवा उंच होत गेल्या, लांबी मात्र ३९९५ वर खिळलेली. ब्रेझा, व्हेन्यू, सॉनेट, नेक्सॉन सगळ्या याच आकड्याच्या आसपास. पेठेतल्या गल्लीत गाडीच्या लांबीपेक्षा रुंदीच नडते, आणि त्यावर कुणी कर लावलेला नाही.

कराच्या टेपने आणखी एक खेळ केला. २०१३ च्या अर्थसंकल्पात एसयूव्हीवर जास्त शुल्क लावताना चार मीटरपेक्षा जास्त लांबी, १५०० सीसीपेक्षा मोठं इंजिन आणि १७० मिमी किंवा त्याहून जास्त ग्राउंड क्लीअरन्स अशी व्याख्या केली. महिंद्रांनी एक्सयूव्ही५०० चा क्लीअरन्स १६० मिमीवर आणला. आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर तळ घासायचा की नाही, हे ज्या मापाने ठरतं त्या मापाशी कर जोडला. रस्ता बघून जे ठरायला हवं ते हिशेबाच्या वहीतून ठरू लागलं, याची मला चीड येते.

पुढे उत्पादन शुल्काच्या जागी जीएसटी आला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचे दर बदलले. चार मीटरच्या आतल्या, ठरलेल्या इंजिनाच्या गाडीवर १८ टक्के, बाकीच्यांवर ४० टक्के आणि उपकर गेला. दोन्हीकडे गाड्या स्वस्त झाल्या, ते चांगलंच झालं. पण दरी राहिली. करापूर्वी ७ लाखांची गाडी धरा. छोट्यात बसली तर ८ लाख २६ हजार, नाही बसली तर ९ लाख ८० हजार. दीड लाखाचा फरक असेल तर कोणती कंपनी ४०५० मिमीची गाडी काढेल? म्हणूनच आपल्या बाजारात ३९९५ मिमीनंतर थेट ४.२ मीटरच्या पुढच्या क्रेटासारख्या गाड्या येतात, आणि ज्या मापात जगातल्या कित्येक उत्तम कौटुंबिक गाड्या बसतात ते मधलं माप जवळजवळ रिकामं आहे. कर गाडीच्या वजनावर किंवा धुरावर लावा. जड गाडी रस्ता जास्त झिजवते, जास्त जाळते. लांबीने कुणाचं काय बिघडतं?

टेप बाजूला ठेवली तर काय होतं, हेही आता दिसतंय. इलेक्ट्रिक गाड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे आणि लांबीची अट नाही. २०२१ मध्ये प्रताप बोस महिंद्रांकडे गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रांनी बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई दाखवल्या, दोन्ही चाकणमध्ये बनणाऱ्या. एक ४३७१ मिमी, दुसरी ४७८९ मिमी. बीई ६ पहिल्यांदा जवळून बघितली तेव्हा मी तिच्याभोवती बराच वेळ फिरत राहिलो. चाकं कोपऱ्यांपर्यंत गेलेली, मागच्या चाकावरचा फुगीर खांदा, कुठेही घाईने संपलेली रेघ नाही. चार मीटरच्या आत ज्यांनी नेक्सॉन उभी केली, त्यांना मोकळं रान मिळाल्यावर केवढा हात फिरला! एक तक्रार आहे. दरवाज्यावरच्या इतक्या कडक धारा आमच्या हातोडीला जुमानत नाहीत. धारेवर ठोकर बसली की तो पत्रा पुन्हा तसाच काढणं फार कठीण, बहुतेक वेळा पॅनेलच बदलावं लागतं आणि गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो.

टाटांनी २०२५ च्या नोव्हेंबरात सिएरा परत आणली, ४३४० मिमीची, म्हणजे जास्त कर भरायची तयारी ठेवून. १९९१ च्या सिएराला मागे वरपर्यंत वळलेली प्रचंड काच होती, उघडत नव्हती, पण तिच्यामुळे मागे बसणाऱ्याला आभाळ दिसायचं. नव्या गाडीने ती ठेवण चकचकीत काळ्या पॅनेलच्या आधाराने जागवलीय. मला ती आवडली. जुनं नाव लावताना निदान त्या गाडीची ओळख काय होती याचा विचार झालाय. आधी ग्रॅव्हिटास म्हणून दाखवलेल्या गाडीला २०२१ मध्ये सफारीचं नाव दिलं तेव्हा तेवढा विचार झाला नव्हता. जुनी सफारी फोर बाय फोरमध्ये मिळायची, नवीत चारही चाकांना ताकद नाही. गाडी उत्तम आहे, तिला स्वतःचं नाव द्यायला हवं होतं.

इलेक्ट्रिकवर लांबीची अट नाही, तर सगळ्या कंपन्या एसयूव्हीच्याच मागे का लागल्यात, हे मला कळत नाही. २००४ मध्ये टाटांनी इंडिगोची मरीना नावाची इस्टेट काढली होती, लांब छप्पर आणि सरळ मागे जाणारी डिकी. फार विकली गेली नाही. पण आजही एखादी मरीना रंगकामाला आली की तिचा मालक ती विकायला तयार नसतो, कारण एवढं सामान नेणारी बुटकी गाडी त्याला दुसरी मिळतच नाही. ४२०० मिमीची, साध्या पत्र्याची, बॅटरीवरची तशी इस्टेट आज ५ टक्के करात बसते. तळ तयार आहेत, कारखाने पिंपरी-चाकणात आहेत, चित्र काढणारे हातही इथलेच आहेत. ती गाडी कुणीतरी काढावी. पहिल्या गिऱ्हाइकांत मी उभा असेन.