पंगत उठते, डबा उघडाच राहतो

दिवाळीत पोट बिघडते ते एखाद्या जड जेवणाने कमी आणि दिवसभर चालणाऱ्या फराळाने जास्त. कराडला खेटून महामार्गावर वसलेल्या मलकापुरात सुट्टीला पुण्या-मुंबईची मंडळी येतात, भेटीगाठी सुरू होतात आणि दर घरी बशी पुढे येते. चकली, करंजी, शंकरपाळी, बेसनाचा लाडू. तेल किंवा तूप प्रत्येकात आहेच. स्निग्ध पदार्थ जठरातून सर्वांत सावकाश पुढे सरकतात. साधे जेवण जठरातून पुढे जायला दोन ते चार तास लागतात, तळणाला त्याहूनही जास्त. पहिली बशी जठरात असतानाच दुसरी आणि तिसरी येऊन पडते. मग पोट फुगते, आंबट ढेकर सुरू होतात.

पंगतीला निदान शेवट असे. पानाच्या डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. मग वाढप, श्लोक, वरणभात आणि बऱ्याच वेळाने पक्वान्न. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोहोचायला साधारण २० मिनिटे लागतात आणि वाढप्यांच्या फेऱ्यांत तेवढा वेळ सहज जाई. अखेरीस ताकभात आला, की जेवण संपल्याचे कळे. अर्थात पंगत म्हणजे काही संयमाची शाळा नव्हे. जिलब्यांच्या पैजा तिथेच लागत. फराळाच्या डब्याला मात्र ताकभात नाही. म्हणून हवे ते एकदाच बशीत काढून घ्यावे, बसून सावकाश चावून खावे आणि डब्याला झाकण लावावे. पिठाचे पचन लाळेपासूनच सुरू होते, गप्पांच्या नादात नुसता गिळलेला चिवडा ती पायरी चुकवतो.

वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पिले आहेत: दोन घन अन्नाला, एक द्रवाला आणि एक मोकळा. फराळाच्या दिवशी हा मोकळा भाग राखायचा, तर दुपारी किंवा रात्री मुगाची खिचडी, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर, जिरे घातलेले पातळ ताक एवढेच जेवण ठेवावे. तळणात आणि मैद्यात चोथा फारसा नसतो, त्यामुळे बद्धकोष्ठ होते. भाजी-फळांबरोबर पाणीही पुरेसे लागते. चोवीस तास नळाला पाणी देणाऱ्या योजनेमुळे नावाजलेल्या गावात त्याला सबब नाही.

‘बिनसाखरेचा’ लाडू मधुमेहींना निर्धास्त वाटतो. पण पीठ आणि तूप त्यातही असते. साखर किंवा पिष्टाच्या एका ग्रॅमला सुमारे ४ कॅलरी, तर तुपाच्या ग्रॅमला ९. फराळ भरपूर झाला म्हणून औषधाची मात्रा मनानेच वाढवणे किंवा जेवण टाळून गोळी घेणे, दोन्ही धोक्याचे.

जेवल्यावर शतपावली चांगली. आगाशिवाचा डोंगर आणि जखिणवाडीची लेणी हाकेवर असली, तरी ती चढण सकाळसाठी ठेवावी. लवंडायचेच असेल तर डाव्या कुशीवर, म्हणजे वामकुक्षी. त्या स्थितीत जठरातील आम्ल अन्ननलिकेच्या तोंडापेक्षा खाली राहते आणि जळजळ कमी होते. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास असावेत.

ओवा, हिंग, सोडा हे घरगुती उपाय साध्या गॅसपुरतेच. त्यातही रक्तदाबाच्या रुग्णाने सोड्याच्या वाटेला जाऊ नये, कारण त्यात सोडियम असते. छातीत दाब, घाम, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ, काळी शौच किंवा न थांबणारी उलटी असेल, तर ते अपचन समजून घरी थांबू नये. लगेच रुग्णालय गाठावे, मग तो लक्ष्मीपूजनाचा मुहूर्त का असेना.