पेटी आपली, टपाल कोणाचे?

पोस्टकार्ड आणि पाकीट यांतील भेद मराठी घराला कोणी शिकवावा लागला नव्हता. खुशाली, बारशाचे बोलावणे, गावाकडील पाऊसपाण्याची वार्ता कार्डावर जाई. सोयरिकीची बोलणी, घरातील कलह वा कर्जाची अडचण मात्र पाकिटात बंद होऊन जाई. कार्ड वाटेत कोणी तरी वाचील हे गृहीत होते. दुसऱ्याचे पाकीट फोडणे हा अपराध, हेही तितकेच गृहीत होते. नागरिकांचे संदेश अडवून पाहण्याचा अधिकार १८८५ च्या तार कायद्याने आणि १८९८ च्या टपाल कायद्याने सरकारने स्वतःकडे राखून ठेवला होता हे खरे. परंतु तो अपवाद होता, आणि अपवाद म्हणूनच त्याच्याशी भांडता येत होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला एकमताने मूलभूत हक्काचे स्थान दिले, तेव्हा या जुन्याच समजुतीवर राज्यघटनेची मोहोर उमटली.

परंतु निवाडा लागला तोवर टपालच बदलून गेले होते. आज पाकिटातला मजकूर मोबाइलवरून जातो आणि त्याचे पोस्ट खाते एखाद्या परदेशी कंपनीचे असते. म्हणून खासगीपणाचा प्रश्न आता तीन भागांत विचारावा लागतो. पत्र बंद आहे काय? ज्या पेटीत ते लिहिले जाते ती पेटी कोणाची? आणि ज्या टपालाने ते जाते ते टपाल कोणाचे? पहिल्या प्रश्नाची चर्चा पुष्कळ होते. दुसऱ्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न लिनक्सवर चालणारे मुक्त स्मार्टफोन करीत आहेत. तिसरा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे.

बंद पाकीट, उघडा पत्ता

पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे समाधानकारक आहे. व्हॉट्सॲपने एप्रिल २०१६ मध्ये आपल्या सर्व ग्राहकांच्या संदेशांना दोन टोकांमधील कूटलेखनाचे संरक्षण दिले. संदेश पाठवणाऱ्याच्या फोनात कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनातच उघडतो. मधल्या कंपनीकडे किल्ली नसते. ज्या पद्धतीने हे साधते ती ‘सिग्नल’ या संदेशसेवेच्या निर्मात्यांनी रचलेली आहे. टेलिग्रामची ख्याती गुप्ततेची असली, तरी तेथील नेहमीच्या संभाषणांना हे संरक्षण आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळे ‘गुप्त संभाषण’ निवडावे लागते.

तथापि मजकूर झाकला तरी पत्ता उघडाच राहतो. कोणी कोणाला, किती वाजता, किती वेळा लिहिले, ही नोंद मजकुराइतकीच बोलकी असते. मध्यरात्री वकिलाला, पहाटे डॉक्टरला आणि सकाळी वार्ताहराला गेलेल्या तीन संदेशांतील एक अक्षर न वाचताही बरेच काही समजते. ही नोंद कोण किती ठेवतो यावर सेवेची नियत ओळखावी. २०१६ मध्ये अमेरिकेतील एका न्यायालयीन आदेशान्वये सिग्नलकडे एका खात्याची माहिती मागण्यात आली, तेव्हा खाते उघडल्याची वेळ आणि शेवटच्या संपर्काचा दिवस यांपलीकडे देण्यासारखे तिच्यापाशी काही नव्हते. याउलट जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपने आपले नवे धोरण भारतीय ग्राहकांपुढे ‘माना अथवा निघा’ अशा थाटात ठेवले. भारतीय स्पर्धा आयोगाने त्याबद्दल नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटा कंपनीला २१३ कोटी रुपयांहून अधिक दंड केला. वर्षभराने अपील न्यायाधिकरणाने माहितीच्या देवाणघेवाणीवरील पाच वर्षांची बंदी काढून टाकली, पण दंड कायम ठेवला. नियम न पटलेल्या ग्राहकाला निघून जाण्याची मोकळीक होती असे म्हणणे कागदोपत्री बरोबर आहे. पण निघून जायचे कोठे? त्याचे आप्त, त्याची सोसायटी, मुलाची शाळा ही सारी तेथेच आहेत.

पेटीची मालकी

दुसरा प्रश्न पेटीचा. २०१९ मध्ये ‘पेगासस’ या हेरगिरीच्या साधनाने व्हॉट्सॲपमधील एका दोषाचा लाभ उठवून जगभरातील सुमारे १,४०० फोन लक्ष्य केल्याचे उघड झाले. त्यांत भारतीय पत्रकार व कार्यकर्तेही होते. तेथे कूटलेखन फोडावे लागले नाही. लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून पाहता आले की लखोटा कितीही घट्ट चिकटवलेला असो, त्याचा उपयोग उरत नाही.

पेटीवरील हक्क सांगणारे हेरच असतात असे नाही. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनात ‘संचार साथी’ हे सरकारी ॲप आधीच बसवून देण्याचा आदेश काढला. टीकेचे मोहोळ उठताच ३ डिसेंबरला तो मागे घेतला. आदेश गेला, पण त्यामागील गृहीतक उरले. फोन विकत घेणाऱ्याचा असला तरी त्यात काय असावे हे दुसऱ्याने ठरवायचे, हे ते गृहीतक. फोन बनवणाऱ्या कंपन्या रोज त्यावरच चालतात. अँड्रॉइडच्या गाभ्याशी लिनक्स आहे हे खरे. पण बाजारात मिळणाऱ्या बहुतेक फोनांत त्यावर गूगलच्या बंदिस्त सेवांचा थर असतो आणि आयफोन तर पहिल्यापासून बंदिस्तच. मालकाला घरात राहण्याची मुभा आहे, भिंत उघडून पाहण्याची नाही.

हीच मुभा मिळवण्यासाठी जगात गेली वीस वर्षे छोट्या छोट्या मंडळ्या झटत आहेत. २००७ चा ओपनमोको फोन, २००९ चा नोकियाचा एन ९००, कॅनॉनिकल कंपनीने २०१७ मध्ये सोडून दिलेला व नंतर स्वयंसेवकांनी चालवलेला उबंटू टच, हे त्या वाटेवरचे टप्पे होत. त्यानंतर अमेरिकेतील प्युरिझम कंपनीने लोकांकडून आगाऊ पैसे उभे करून ‘लिब्रेम ५’ हा फोन काढला. जानेवारी २०१९ चे वचन होते. मोठ्या प्रमाणावर फोन पोहोचू लागायला नोव्हेंबर २०२० उजाडला. पाइन ६४ या मंडळीचा ‘पाइनफोन’ २०२० मध्ये सुमारे दीडशे डॉलरला मिळू लागला. या फोनांतील सॉफ्टवेअरची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते. शिवाय त्यांना खरीखुरी बटने आहेत. लिब्रेमच्या कडेला तीन खटके आहेत. एकाने कॅमेरा व मायक्रोफोन, दुसऱ्याने वायफाय व ब्लूटूथ, तिसऱ्याने मोबाइलचे जाळे तोडता येते. पडद्यावरच्या आश्वासनावर विसंबावे लागत नाही, वीजच तुटते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘पोस्टमार्केटओएस’ या उपक्रमाने तर कंपन्यांनी टाकून दिलेल्या जुन्या फोनांना दहा वर्षांचे आयुष्य देण्याचा विडा उचलला.

या फोनांच्या उणिवा झाकण्याचे कारण नाही. बॅटरी लवकर संपते, कॅमेरा सुमार, बँकांची ॲपे चालत नाहीत. मोबाइलच्या लहरी पकडणाऱ्या भागातील संहिता बहुतांशी बंदिस्तच असते. एका ॲपला दुसऱ्याच्या दप्तरात डोकावू न देण्याची जी शिस्त आधुनिक अँड्रॉइड वा आयफोनमध्ये आहे, ती येथे अद्याप कच्ची आहे. कंपनीच्या नजरेपासून दूर राहणे आणि कसलेल्या हल्लेखोराला रोखणे या दोन भिन्न गोष्टी आहेत; हा फोन पहिलीत सरस ठरला तरी दुसरीत ठरेलच असे नाही.

मोकळा फोन, बंद दारे

परंतु या उणिवा कष्टाने भरून निघण्यासारख्या आहेत. न भरणारी उणीव वेगळीच आहे. असा फोन हाती घेऊन माणूस पहिला संदेश लिहायला बसतो आणि त्याच्या ध्यानात येते की आपले कोणीच येथून गाठता येत नाही. एसएमएस जातो, पण तो पोस्टकार्डासारखा, मोबाइल कंपनीला उघडा. १९९९ पासूनची एक्सएमपीपी आणि २०१४ पासूनची मॅट्रिक्स या खुल्या संदेशपद्धती उत्तम चालतात. त्यांत प्रत्येकाला आपला सर्व्हर निवडता येतो, हवे तर स्वतः चालवताही येतो, आणि एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्याशी बोलू शकतो. कोण कोणाशी बोलते हे तेथेही सर्व्हर चालवणाऱ्याला बरेचसे दिसते; पण तो कोण असावा हे ठरवणे आपल्या हाती राहते. फ्रान्सच्या सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी ‘चॅप’ ही सेवा २०१९ मध्ये मॅट्रिक्सवरच उभारली. मात्र कोल्हापूरची आत्या काही मॅट्रिक्सवर नसते.

आत्या व्हॉट्सॲपवर असते. आणि व्हॉट्सॲप या फोनांसाठी निघालेलेच नाही. ब्राउझरमधून ते उघडता येते, पण त्यासाठी खाते आधी अँड्रॉइडवर वा आयफोनवर असावे लागते. सिग्नलचेही तेच. म्हणजे मुक्त फोन खिशात बाळगायचा तर बंदिस्त फोन घरात ठेवायचा! लिनक्सच्या पोटात अँड्रॉइडची वेगळी खोली उभारून त्यात हे ॲप बसवण्याची युक्ती आहे. परंतु ज्याला टाळायचे त्यालाच पाहुणा म्हणून बोलावण्याचा तो प्रकार झाला.

सिग्नलचे संस्थापक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०१६ मध्ये या संदर्भात घेतलेली भूमिका समजून घेण्याजोगी आहे. इतरांनी सिग्नलची संहिता घेऊन बनवलेल्या ॲपांनी आपले सर्व्हर वापरू नयेत, असे त्यांनी सांगितले. अनेकांच्या हाती विखुरलेली पद्धत सुधारता येत नाही. एका हाती असली तर नवे संरक्षण एका दिवसात सर्वांपर्यंत पोहोचते, हा त्यांचा युक्तिवाद. त्यात तथ्य आहे. परंतु जे उपकारकर्त्याच्या मर्जीवर चालते त्याला हक्क म्हणत नाहीत. मर्जी फिरली की काय होते याचा अनुभव भारतातील गरीब ग्राहकाने घेतला आहे. २०१७ च्या जिओफोनमध्ये लिनक्सच्याच गाभ्यावरची काईओएस प्रणाली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये त्यावर व्हॉट्सॲप आले आणि स्वस्त फोनवाल्यांना दूरच्या आप्तांची वाट मोकळी झाली. जून २०२४ मध्ये ते नव्या ग्राहकांना देणे थांबले. २०२५ मध्ये चालणेच बंद झाले. फोन तोच होता, हात तेच होते. टपालवाल्याने मात्र त्या आळीत जाणे सोडले.

राईनपाड्याचा धडा

सरकारची चिंता खोटी आहे असे कोणी म्हणू नये. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या, मोबाइलवरून पसरलेल्या अफवेपायी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. महाराष्ट्राने ते विसरता कामा नये. परंतु त्यानंतर थोड्याच दिवसांत व्हॉट्सॲपने एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास भारतात मज्जाव केला, आणि तो उपाय एकही पत्र न फोडता झाला, हेही विसरू नये.

पुढची पावले मात्र वेगळ्या दिशेने पडली. २०२१ च्या नियमांनी संदेशाचा मूळ कर्ता शोधून देण्याचे बंधन मोठ्या सेवांवर घातले. व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. मे २०२३ मध्ये दहशतवादी वापर करतात या कारणास्तव चौदा ॲपे रोखण्यात आली. त्यांत मॅट्रिक्सवर चालणारे एलिमेंट आणि ब्रायर ही मुक्त संहितेची ॲपेही होती. २८ नोव्हेंबर २०२५ च्या आणखी एका आदेशाने संदेशसेवा फोनातील चालू सिमकार्डाशी बांधण्यास आणि ब्राउझरमधील जोडणी दर सहा तासांनी तोडण्यास फर्मावले. हेतू सायबर फसवणूक रोखण्याचा. पण ज्याचा मुक्त फोन ब्राउझरच्याच खिडकीतून जगाशी बोलतो, त्याला असा नियम दिवसातून चार वेळा दुसऱ्या फोनापुढे हजेरी द्यायला लावतो. गुन्हेगार नवी वाट काढतो. अडतो तो कायदा पाळणारा.

जुना करार, नवी गरज

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकेकाळी जगाने शोधले होते. १८७४ मध्ये बर्न येथे राष्ट्रांनी टपालाचा करार केला आणि १८७६ मध्ये भारत त्यात सामील झाला. एका देशाचे तिकीट लावलेले पत्र दुसऱ्या देशाच्या पोस्टमनने घरपोच द्यायचे, हे तेव्हा ठरले. आजही एका कंपनीच्या मोबाइलवरून दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन लागतो. कंपन्यांना त्यासाठी परस्परांची जाळी जोडावीच लागतात. संदेशसेवांनाच तेवढी सूट का असावी? युरोपीय संघाने २०२२ च्या कायद्याने ती काढून घेतली. मोठ्या संदेशसेवांनी मागणाऱ्या इतर सेवांना आपले दार, कूटलेखन शाबूत राखून, उघडले पाहिजे असे बंधन घातले. काम अवघड आहे, प्रगती संथ आहे. पण दिशा योग्य आहे.

भारताला हे अशक्य नाही. पैशाच्या व्यवहारात यूपीआयने कोणत्याही बँकेच्या खात्यातून कोणत्याही बँकेच्या खात्यात रुपया पोहोचवून दाखवला आहे. जे रुपयाला साधले ते शब्दाला का साधू नये? तोपर्यंत निदान सार्वजनिक संस्थांनी एवढे पथ्य पाळावे की महापालिकेची सूचना, शाळेचा निरोप वा रुग्णालयाची वेळ एकाच खासगी कंपनीच्या दारातून मिळेल असे होऊ नये. आणि सुरक्षेचे नियम करताना, अँड्रॉइड वा आयफोन नसलेलाही एक नागरिक आहे, याची आठवण ठेवावी.

मुक्त फोन वापरणारे आज मूठभर आहेत आणि उद्याही फार वाढतील असे नाही. तरीही त्यांच्या अडचणीतून सर्वांची स्थिती दिसते. एकट्याने आपल्या पेटीला स्वतःचे कुलूप लावून भागत नाही, कारण पत्राला नेहमीच दुसरे टोक असते. खासगीपण ही एकट्याची मालमत्ता नसून दोघांमधला विश्वास आहे, आणि तो वाहून नेणारे टपाल सर्वांचे असावे लागते. पाकीट न फोडण्याचा संकेत जपणाऱ्या समाजाला हे नव्याने पटवावे लागू नये.