आनेकल : महानगराच्या सावलीतील एक गाव

प्रत्येक महानगराभोवती काही जुनी गावे असतात. त्यांचा स्वतःचा बाजार असतो, स्वतःची दैवते असतात आणि स्वतःचा इतिहासही असतो. महानगर वाढत वाढत त्यांच्या वेशीपर्यंत येऊन पोहोचते. मग त्या गावांचे काय होते? मुंबईजवळच्या पनवेलने हा अनुभव घेतला आहे. कर्नाटकात बेंगळूरच्या दक्षिणेस वसलेले आनेकल आज तोच अनुभव घेत आहे.

स्थान आणि भूरचना

आनेकल हे बेंगळूर नगर जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. ते बेंगळूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर असून तमिळनाडूची सीमा येथून जवळच आहे. दख्खनच्या पठारावरील हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे. त्यामुळे येथील हवा सौम्य असते.

या तालुक्यात मोठी नदी नाही, कारण हा जलविभाजकाचा प्रदेश आहे. पश्चिमेकडे पडलेले पाणी अर्कावतीमार्गे कावेरीला मिळते, तर पूर्वेकडचे पाणी दक्षिण पिनाकिनी नदीकडे वाहते. नदी नसलेल्या या प्रदेशात पूर्वजांनी ओढ्यांवर बांध घालून तळी निर्माण केली. वरच्या तळ्यातून सांडलेले पाणी खालच्या तळ्यात जावे, अशी ही साखळी असे. नाचणीची शेती, जनावरे आणि विहिरी यांचा आधार ही तळीच होती.

तालुक्याच्या पश्चिमेस बन्नेरघट्टा राष्ट्रीय उद्यान आहे. १९७४ साली स्थापन झालेल्या या उद्यानातून हत्तींचे कळप तमिळनाडूच्या जंगलांकडे ये-जा करतात. कन्नडमध्ये ‘आने’ म्हणजे हत्ती आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड. मात्र ‘आनेकल्लु’ या जोडशब्दाचा रूढ अर्थ आहे पावसात पडणारी गार!

इतिहास

विजयनगरचे साम्राज्य मोडल्यानंतर या प्रदेशात पाळेगार, म्हणजे स्थानिक सरदार, प्रबळ झाले. सुगतूर या पाळेगार घराण्याच्या एका शाखेकडे आनेकल होते. बेंगळूरचा इतिहास मराठी वाचकाला अधिक परिचित आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाहीने बेंगळूर जिंकले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्याकडे जहागीर म्हणून सोपवले. १६८७ मध्ये मोगलांनी बेंगळूर घेतले आणि भोसल्यांची तेथील सत्ता संपली. पुढे ते म्हैसूरच्या वडेयर राजांकडे गेले. अठराव्या शतकात हैदरअलीने आनेकलही म्हैसूर राज्याला जोडले.

१९५६ मध्ये भाषावार राज्यरचना झाली. आनेकल म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिले आणि शेजारचे होसूर मद्रास राज्यात, म्हणजे आजच्या तमिळनाडूत राहिले. राज्यांची सीमा आखली गेली, तरी बाजारहाट आणि सोयरीक थांबली नाही. म्हणूनच येथे कन्नडबरोबर तेलुगू, तमिळ आणि उर्दूही कानांवर पडते. रेशमी वस्त्रांचे विणकाम हा गावाचा जुना व्यवसाय आहे, तर द्रौपदीच्या नावाने होणारा करग हा येथील मोठा उत्सव आहे.

लोकसंख्या काय सांगते?

२००१ च्या जनगणनेनुसार आनेकल शहराची लोकसंख्या ३३,१६० होती. २०११ मध्ये ती ४४,२६० झाली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे एक तृतीयांश वाढ झाली. ही वाढ मोठी वाटते. परंतु त्याच काळात बेंगळूर नगर जिल्ह्याची लोकसंख्या ६५,३७,१२४ वरून ९६,२१,५५१ वर गेली. ही वाढ सुमारे ४७ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्मी आहे. गाव वाढले, पण जिल्ह्याच्या गतीने नाही. असे का घडले?

याचे एक महत्त्वाचे कारण रस्त्यांच्या नकाशात सापडते. बेंगळूरहून होसूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग आनेकल गावातून न जाता बोम्मसंद्र, चंदापूर आणि अत्तिबेले या गावांजवळून जातो. १९७० च्या दशकात बेंगळूरच्या दक्षिणेस याच मार्गावर ‘इलेक्ट्रॉनिक्स सिटी’ या उद्योगनगरीचा पाया घातला गेला. पुढे बोम्मसंद्र, जिगणी आणि अत्तिबेले येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. रोजगार तेथे निर्माण झाला, म्हणून वस्तीही तेथेच वाढली. ऑगस्ट २०२५ मध्ये बेंगळूरची मेट्रो बोम्मसंद्रपर्यंत पोहोचली. तालुक्याचे मुख्य ठिकाण मात्र मुख्य रस्त्यापासून आत, एका बाजूला राहिले.

लाभ आणि किंमत

या बदलाचा लाभ निश्चितच झाला आहे. शेतकऱ्यांच्या मुलांना कारखान्यांत आणि कार्यालयांत काम मिळाले. रुग्णालये आणि शिक्षणसंस्था जवळ आल्या. जमिनीचे भाव वाढले. परंतु विकलेली जमीन परत येत नाही आणि तिच्यासाठी मिळालेला पैसा पिढ्यान्पिढ्या पुरतोच असे नाही. शिवाय ज्याच्याकडे जमीन नव्हती, त्या शेतमजुराचे कामही शेताबरोबर जाते.

सर्वांत मोठी किंमत पाण्याची आहे. तळ्यांची साखळी ही माळेसारखी असते. मधला एक ओढा बुजवला, तर खालचे तळे कोरडे पडते. वरच्या तळ्यात कारखान्यांचे वा वस्त्यांचे सांडपाणी सोडले, तर ते खालच्या गावापर्यंत जाते. ज्या गावाला नदी नाही, त्याने तळी गमावली तर त्याला दूरवरून आणलेल्या किंवा खोल कूपनलिकांतून उपसलेल्या पाण्यावर अवलंबून राहावे लागते.

म्हणून गावाची ओळख केवळ लोकसंख्येच्या आकड्याने होत नाही. पाणी कोठून येते, रस्ता कोठून जातो, काम कोणाला मिळते आणि जमीन कोणाच्या हाती राहते, हे चार प्रश्न विचारले म्हणजे आकड्यांमागील गाव दिसू लागते. आनेकलला विचारलेले हे प्रश्न आपल्या स्वतःच्या गावालाही विचारून पाहण्यासारखे आहेत.