ट्रकमागची धूळ आणि गोळीची शेपटी

सौंदडला महामार्गाच्या कडेला उभं राहा. भरधाव ट्रक गेला की धूळ आणि सुका पाला त्याच्या मागे ओढला जातो. ट्रकच्या सपाट पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. ही पोकळी पाल्याला ओढते, तशीच ट्रकलाही मागे खेचते.

बंदुकीच्या गोळीचं हेच होतं. म्हणून लांब पल्ल्याच्या गोळ्यांची शेपटी निमुळती ठेवतात. टोकाचा त्रास वेगळा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर. रायफलची गोळी त्याच्या दुपटीहून वेगाने सुटते, तेव्हा पुढची हवा बाजूला सरायला उसंतच मिळत नाही. ती दाबली जाऊन आघात-लहर तयार होते. बोथट टोक इथे फार वेग गमावतं. जर्मनीने 1905 मध्ये सुमारे 14.7 ग्रॅमची गोलटोकी गोळी सोडून 10 ग्रॅमची टोकदार गोळी घेतली, ती यामुळेच.

पण हलकेपणाची किंमत मोजावी लागते. कापसाचा बोळा आणि तेवढाच दगड फेकून पाहा. हलकी वस्तू हवेपुढे लवकर हरते. त्यामुळे वजन घटवलं की आकार अधिक काटेकोर हवा.

वेग काडतुसातल्या दारूवरही ठरतो. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने आखूड कार्बाइन घडवली, तिचं काडतूस 5.56 × 30 मिलिमीटरचं. इन्सास रायफलचं 5.56 × 45. व्यास तोच, पुंगळी 15 मिलिमीटरने आखूड. दारूला जागा कमी, म्हणून वेगही कमी. कार्बाइनची ही आखूड काडतुसं खडकीच्या 1869 पासूनच्या कारखान्यात बनतात.