सँक्च्युरी शहरे : कायदा केंद्राचा, पोलीस शहराचा, मग हुकूम कुणाचा?

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचे लष्करी विमान अमृतसरला उतरले. त्यात १०४ भारतीय होते. त्यांतल्या अनेकांना हातापायांत बेड्या घालून आणले होते. बहुतेक जण हरियाणा, गुजरात आणि पंजाबचे, पण तिघे आपल्या महाराष्ट्रातलेही होते. त्यानंतर 'सँक्च्युरी सिटी' हा शब्द आपल्याकडच्या व्हॉट्सॲप गटांवरही फिरू लागला. कुणी म्हणते, "त्या शहरात पोहोचले की कुणी हात लावू शकत नाही." कुणी म्हणते, "ही शहरे गुन्हेगारांना लपवून ठेवतात." आम्हाला सांगायचे आहे ते हे की, या दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुले-मुली तिकडे आहेत, म्हणून हा विषय नीट समजून घेणे गरजेचे आहे. शिवाय यात एक प्रश्न दडलेला आहे, तो चळवळीतल्या प्रत्येकाने विचारावा असा आहे : एका सरकारचा कायदा राबवायला दुसऱ्या सरकारच्या माणसांना जुंपता येते का?

भांडण सुरू होते तुरुंगाच्या दारात

अमेरिकेत कुणाला देशात येऊ द्यायचे आणि कुणाला बाहेर काढायचे, हे ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारचा आहे. हे काम 'आईस' ही केंद्रीय यंत्रणा करते. ती २००३ मध्ये, होमलँड सिक्युरिटी खात्याबरोबर अस्तित्वात आली. मात्र रस्त्यावरचा पोलीस शहराचा असतो आणि स्थानिक तुरुंग बहुतेक ठिकाणी काउंटीचा, म्हणजे आपल्या भाषेत जिल्ह्याचा, शेरीफ चालवतो. हे लोक वॉशिंग्टनचे नोकर नाहीत. त्यांचा पगार स्थानिक करातून होतो.

कागदपत्रे नसलेले लोक त्या देशात एक कोटीहून अधिक आहेत. आईसला त्या सर्वांच्या दारात जाणे शक्य नाही. म्हणून तिचा भर तुरुंगांवर असतो. समजा, परवान्याशिवाय गाडी चालवली म्हणून एखाद्याला शहर पोलिसांनी पकडले. तुरुंगात त्याच्या बोटांचे ठसे घेतले जातात आणि ते एफबीआयकडे जातात. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'सिक्युअर कम्युनिटीज' योजनेपासून हेच ठसे होमलँड सिक्युरिटीच्या नोंदींशीही ताडून पाहिले जातात. नाव जुळले की आईस त्या तुरुंगाला एक कागद पाठवते, त्याला 'डिटेनर' म्हणतात. त्यात लिहिलेले असते : याला सोडण्याची वेळ झाली तरी आणखी ४८ तासांपर्यंत धरून ठेवा आणि आम्हाला कळवा.

या कागदावर न्यायाधीशाची सही नसते. सही असते आईसच्याच अधिकाऱ्याची. जामीन झालेल्या किंवा शिक्षा भोगून मोकळ्या झालेल्या माणसाला अशा कागदावर डांबून ठेवता येते का? २०१४ मध्ये तिसऱ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितले की डिटेनर ही विनंती आहे, हुकूम नाही. त्याच वर्षी ओरेगॉनमधल्या एका काउंटीने केवळ डिटेनरच्या आधारे एका महिलेला डांबून ठेवले, म्हणून केंद्रीय न्यायालयाने त्या काउंटीला जबाबदार धरले. अटकेसंबंधीच्या चौथ्या घटनादुरुस्तीचा तो भंग ठरला. कागद आईसचा, पण भरपाईची जबाबदारी काउंटीची, हे दिसल्यावर अनेक शेरीफ सावध झाले.

सँक्च्युरी धोरण म्हणजे काय, ते आता कळेल. प्रत्येक शहराचा नियम वेगळा असतो, पण साधारणपणे त्यात चार गोष्टी येतात. न्यायाधीशाच्या वॉरंटशिवाय कुणाला जादा वेळ कोठडीत ठेवायचे नाही. सुटकेची तारीख आपणहून आईसला कळवायची नाही. तक्रार द्यायला किंवा दवाखान्यात आलेल्याला व्हिसाबद्दल विचारायचे नाही. आणि स्थानिक पोलिसांना स्थलांतर अधिकाऱ्याचे अधिकार देणारा करार करायचा नाही. अशा कराराची तरतूद १९९६ च्या कायद्याने केली. त्याला '२८७-जी' म्हणतात.

यात काय नाही, तेही पाहा. शहर कुणाला लपवत नाही. गुन्हा केलेल्यावर खटला चालतोच. बोटांचे ठसे केंद्राकडे जातातच. आईस त्या शहरात येऊन स्वतः अटक करू शकते आणि करतेही. शहर एवढेच म्हणते : तुमचे काम तुम्ही करा, त्यासाठी आमची माणसे आणि आमचा तुरुंग वापरू नका.

ही धोरणे आली कुठून?

१९७९ मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांनी 'स्पेशल ऑर्डर ४०' काढली. केवळ कुणाचा स्थलांतराचा दर्जा शोधण्यासाठी पोलिसांनी कारवाई करायची नाही, असा तो आदेश होता. तो काढणारे पोलीसप्रमुख डॅरिल गेट्स काही उदारमतवादी म्हणून ओळखले जात नव्हते. मात्र ज्या वस्तीतले लोक पोलिसाला पाहून पळतात, तिथे चोरीची फिर्याद येत नाही आणि खुनाला साक्षीदार मिळत नाही, हा पोलिसी व्यवहार त्यामागे होता.

'सँक्च्युरी' हा शब्द चर्चकडून आला. १९८० च्या दशकात एल साल्वाडोर आणि ग्वाटेमालातल्या हिंसाचारातून पळून आलेल्यांना अमेरिकी सरकार आश्रय नाकारत होते. तेव्हा मार्च १९८२ मध्ये ॲरिझोनातल्या टूसॉन शहरातील एका प्रेस्बिटेरियन चर्चने आपण या लोकांना थारा देणार, असे उघडपणे जाहीर केले. पाहता पाहता अनेक चर्च आणि ज्यूंची प्रार्थनास्थळे त्यात उतरली. १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने स्वतःला 'आश्रयाचे शहर' म्हणवले. त्याच वर्षी शिकागोचे पहिले कृष्णवर्णीय महापौर हॅरोल्ड वॉशिंग्टन यांनी शहराच्या कर्मचाऱ्यांना स्थलांतराच्या चौकशीपासून दूर ठेवणारा आदेश काढला. २०१७ मध्ये कॅलिफोर्निया आणि इलिनॉय या राज्यांनी राज्यभर लागू होणारे कायदे केले. इलिनॉयच्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर रिपब्लिकन पक्षाचे होते, हे आज अनेकांना आठवत नाही.

गुलामगिरीच्या काळातला धागा

केंद्राचा कायदा राबवायला राज्य नकार देऊ शकते का, हा प्रश्न अमेरिकेत नवा नाही. पूर्वी तो ऐरणीवर आला होता तो पळालेल्या गुलामांवरून. दक्षिणेतून निसटून उत्तरेत आलेल्या गुलामाला पकडून मालकाच्या हवाली करावे, असा केंद्रीय कायदा होता. १८४२ च्या 'प्रिग विरुद्ध पेन्सिल्व्हेनिया' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुधारी निकाल दिला. राज्यांना या कामात आडवे येता येणार नाही, असे ते म्हणाले. त्याच वेळी हे काम केंद्राचे आहे, राज्यांच्या अधिकाऱ्यांवर ते लादता येत नाही, असेही म्हणाले. उत्तरेतल्या राज्यांनी हा दुसरा भाग उचलला. १८४३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा केला की राज्याचा अधिकारी गुलाम पकडायला मदत करणार नाही आणि राज्याचा तुरुंग त्यासाठी वापरला जाणार नाही. मग १८५० मध्ये संसदेने आणखी कडक कायदा आणला आणि सामान्य नागरिकालाही गुलाम पकडण्याच्या कामाला लावण्याची सोय केली.

आजचे स्थलांतरित गुलाम नाहीत, आणि दोन्ही गोष्टी सारख्याच आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण 'माझा तुरुंग त्यासाठी नाही' ही भूमिका तेव्हाही होती, आजही आहे.

आधुनिक काळात या तत्त्वाला पक्के केले ते उजव्या विचाराच्या न्यायाधीशांनी. बंदूक विकण्यापूर्वी खरेदीदाराची तपासणी स्थानिक पोलीसप्रमुखांनी करावी, असा केंद्रीय कायदा होता. १९९७ च्या 'प्रिंट्झ' खटल्यात न्या. अँटोनिन स्कॅलिया यांनी बहुमताचा निकाल लिहिला : केंद्र राज्यांच्या अधिकाऱ्यांना आपले हस्तक म्हणून राबवू शकत नाही. त्याला दहाव्या घटनादुरुस्तीचा आधार होता. बंदूकधारकांनी ज्या निकालाचे स्वागत केले, तोच निकाल आज स्थलांतरितांची ढाल झाला आहे.

केंद्राच्या हातातली तीन हत्यारे

पहिले हत्यार पैशाचे. जानेवारी २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सँक्च्युरी शहरांचे अनुदान रोखण्याचा आदेश काढला. निधीला अटी घालण्याचा अधिकार संसदेचा आहे, राष्ट्राध्यक्षाला एकट्याने ते करता येत नाही, असे सांगून न्यायालयांनी तो अडवला. २०२५ मध्ये पुन्हा तसेच आदेश निघाले आणि २४ एप्रिल २०२५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतील केंद्रीय न्यायालयाने दावा करणाऱ्या शहरांपुरती त्यांना स्थगिती दिली. मे महिन्याच्या अखेरीस सरकारने अशा शहरांची आणि काउंट्यांची लांबलचक यादी प्रसिद्ध केली. तिच्यात इतक्या चुका होत्या की शेरीफांच्या संघटनेनेच आक्षेप घेतला आणि यादी काढून टाकावी लागली. ऑगस्टमध्ये ३५ नावांची नवी यादी आली.

दुसरे हत्यार खटल्याचे. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राने इलिनॉय आणि शिकागोवर दावा लावला. २५ जुलै रोजी न्यायालयाने तो फेटाळला, आणि मुख्य आधार होता तोच दहाव्या दुरुस्तीचा.

तिसरे हत्यार बळाचे. शहराची मदत मिळत नसेल तर केंद्र स्वतःची माणसे उतरवते. जून २०२५ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये आईसच्या धाडींविरुद्ध निदर्शने झाली, तेव्हा गव्हर्नरांचा विरोध डावलून नॅशनल गार्ड तैनात करण्यात आले आणि सुमारे ७०० मरीन सैनिकही पाठवले गेले. लष्कराचा पोलिसी कामासाठी वापर बेकायदा होता, असे सप्टेंबरमध्ये केंद्रीय जिल्हा न्यायालयाने म्हटले. दरम्यान, जुलैमध्ये झालेल्या कायद्याने स्थानबद्धता केंद्रांसाठी ४५ अब्ज डॉलरची तरतूद केली. म्हणजे न्यायालयात शहरे जिंकत असली तरी रस्त्यावरची भीती कमी झालेली नाही.

एक मर्यादाही लक्षात ठेवा. दहावी दुरुस्ती राज्याला संरक्षण देते. शहर हे राज्याच्या कायद्याने चालते. म्हणून टेक्सासने २०१७ मध्ये सँक्च्युरी धोरणांवरच बंदी घातली, तेव्हा तिथल्या शहरांना फारसे काही करता आले नाही.

विरोधकांचे म्हणणे

दुसरी बाजू हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर एका तरुणीचा गोळी लागून मृत्यू झाला. आरोपीला त्याआधी पाच वेळा देशाबाहेर काढलेले होते, आणि काही आठवड्यांपूर्वीच शेरीफने आईसला न कळवता त्याला सोडले होते. पुढे ज्युरीने त्याला खुनाच्या आरोपातून मुक्त केले, पण एक फोन केला असता तर ती वाचली असती, हा प्रश्न उरतोच. म्हणूनच अनेक सँक्च्युरी कायद्यांत गंभीर गुन्ह्यांसाठी अपवाद ठेवलेले असतात.

पण त्या अपवादांनाही किंमत आहे आणि ती बौद्ध घरांनी मोजली आहे. ख्मेर रूजच्या संहारातून वाचलेली कंबोडियन कुटुंबे कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचसारख्या शहरांत वसली. निर्वासित छावण्यांत जन्मलेली त्यांची काही मुले गरीब वस्त्यांत वाढली, टोळ्यांत सापडली आणि तुरुंगात गेली. १९९६ चा कायदा आणि २००२ चा कंबोडियाशी झालेला करार यांमुळे शिक्षा पूर्ण केलेल्यांनाही त्या देशात पाठवले जाऊ लागले, जो त्यांतल्या अनेकांनी कधी पाहिलाही नव्हता. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने राज्याच्या तुरुंगांना आईसला सहकार्य करण्यापासून रोखलेले नाही. म्हणजे 'आश्रयाच्या' राज्यातही हे दार त्यांच्यासाठी उघडे राहिले नाही.

आपल्या संविधानात काय?

भारतात असे शहर होऊ शकते का? कायद्याने जवळजवळ नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी अमेरिकेची संघराज्य पद्धत आणि आपली पद्धत यांतला फरक समजावला होता. तिकडे दुहेरी नागरिकत्व आणि राज्यांची स्वतंत्र संविधाने. इकडे एकच नागरिकत्व आणि गरजेनुसार एकात्म होऊ शकणारी व्यवस्था. आपल्याकडे पोलीस राज्यसूचीत आहेत, पण परकीय नागरिकांचा विषय संघसूचीत आहे. अनुच्छेद २५६ नुसार राज्याने संसदेचे कायदे पाळले जातील असाच कारभार करायचा असतो आणि केंद्र तसे निर्देशही देऊ शकते. इथे पोलीस 'हे माझे काम नाही' म्हणू शकत नाही.

म्हणून आपल्याकडे नागरिकाचे रक्षण न्यायालयावर आणि योग्य कार्यपद्धतीवर अधिक अवलंबून आहे. २०२५ मध्ये महाराष्ट्रातून पकडून बांगलादेशच्या हद्दीत ढकललेले काही बंगालीभाषक मजूर भारतीय नागरिक निघाले आणि त्यांना परत आणावे लागले. गरिबाच्या कागदावर कुणीच चटकन विश्वास ठेवत नाही, मग देश कुठलाही असो.

तिकडे असलेल्यांसाठी

शेवटी, अमेरिकेत असलेल्या आपल्या तरुणांना चार गोष्टी. सँक्च्युरी शहर तुमचा व्हिसा वाचवू शकत नाही. २०२५ च्या वसंत ऋतूत हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी केंद्राने अचानक रद्द केल्या, तेव्हा शहरांच्या हातात काही नव्हते. त्यातल्या बऱ्याच नोंदी पूर्ववत झाल्या, त्या विद्यार्थी न्यायालयात गेल्यावर. दुसरे, अठरा वर्षांवरील परदेशी नागरिकाने आपली नोंदणीची कागदपत्रे जवळ बाळगावीत, असा तिथला कायदा आहे. तिसरे, कुणी वॉरंट दाखवले तर सही न्यायाधीशाची आहे की खात्याच्या अधिकाऱ्याची, ते पाहा. घरात शिरण्याच्या बाबतीत चौथ्या दुरुस्तीच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. चौथे, अटक झाली तर गप्प राहण्याचा, वकिलाशी बोलण्याचा आणि भारतीय वाणिज्य दूतावासाला कळवा असे सांगण्याचा हक्क तुम्हाला आहे.

आणि इथे असलेल्यांनी पुढच्या वेळी असा संदेश गटावर आला की तो पुढे ढकलण्याआधी एवढेच विचारावे : हा हुकूम कुणी दिला, कागदावर सही कुणाची आहे आणि ज्याला पकडले त्याचे म्हणणे कुणी ऐकले?