प्रोफेसर, उपयोग काय? धानाच्या जिल्ह्यातला सुपरहिट रिसर्च!

पीएचडी म्हटलं की जाडजूड थीसिस आणि लायब्ररीतली धूळ आठवते? थांबा! गोंदियाच्या आसपास रिसर्चचा पत्ता आहे बांधी, तलाव आणि रक्ताचा एक थेंब. चला, झटपट राउंड मारू!

माणूस विरुद्ध भात: भात विजयी!
माहीत आहे का? जीन्सच्या मोजणीत धान आपल्याला सहज हरवतं. २००५ मध्ये तांदळाचा जीनोम प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात सुमारे ३७,५०० जीन्स मोजले गेले. माणसाचे? २०,००० च्या घरात! उपयोग काय? कमी पाण्यात तगणारं, रोगाला दाद न देणारं वाण शोधायला हाच नकाशा लागतो.

शिक्षण तिसरी, काम डॉक्टरेटचं
चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ धानात त्यांना पिवळसर छटेच्या तीन वेगळ्याच लोंब्या दिसल्या. त्यांनी बी जपून ठेवलं, पुढच्या हंगामात पेरलं आणि रानडुकरांपासून राखायला भोवती काटेरी फांद्या रोवल्या. त्यातून आला बारीक, चवदार ‘एचएमटी’ तांदूळ. नाव कुठून आलं? त्या काळच्या हिट घड्याळावरून! पुढे अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने याच धानातून ‘पीकेव्ही एचएमटी’ वाण काढलं. म्हणजे विद्यापीठाचं टायमिंग शेतकऱ्याच्या घड्याळावर!

आधी रिपोर्ट, मग कुंडली
पूर्व विदर्भात सिकलसेल हा घरोघरी माहीत असलेला आजार. पण हे माहीत आहे का? १९५८ मध्येच नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद थेट ‘लॅन्सेट’मध्ये छापून आणली होती. ट्विस्ट बघा! सिकलसेलचा एकच जीन असलेल्या वाहकाला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. मात्र आई-वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून लग्नाआधी तपासणी हवीच हवी.

पांढऱ्या उजेडाचं निळं गुपित
घरातला पांढरा एलईडी आतून निळा असतो, माहीत आहे का? निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर बसतो आणि दोघे मिळून पांढरा उजेड देतात. असल्या चमकत्या फॉस्फर्सवर नागपूर विद्यापीठाच्या फिजिक्स विभागात प्रा. एस. व्ही. मोहरिल, प्रा. एस. जे. ढोबळे यांनी वर्षानुवर्षं काम केलं. कमी विजेत लख्ख प्रकाश. हा रिसर्च खरंच उजेडात आला!

मामांच्या घरून बेशरम हद्दपार
कोहळी समाजाने उभारलेले जुने मालगुजारी तलाव, म्हणजेच आपले मामा तलाव. त्यात घुसली ‘बेशरम’ वनस्पती आणि मासळी रोडावली. अर्जुनी मोरगाव भागात धीवर मच्छीमार आणि अभ्यासक एकत्र आले. बेशरम उपटली, चिखलात पाय रोवून देशी पाणवनस्पती लावल्या. मासे परतले, पाठोपाठ पक्षीही! कोणती वनस्पती कुठल्या माशाला मानवते, हे धीवरांना तोंडपाठ. इथे प्रोफेसर कोण आणि विद्यार्थी कोण?

सहा फुटी पाहुणा
जगातला सर्वांत उंच उडणारा पक्षी कोणता? सॉरी, आकाशात उंच नव्हे, उंचीने उंच! तो सारस, जवळजवळ सहा फूट. महाराष्ट्रात त्याचा मुख्य मुक्काम गोंदियात आणि घरटं चक्क धानाच्या बांधीत. त्याची गणना, घरट्याची राखण, फवारणीची काळजी… शेतकऱ्याच्या साथीशिवाय यातला एकही डेटा पूर्ण होत नाही.

‘ळ’ला सुट्टी
झाडीबोलीत ‘ण’ आणि ‘ळ’ यांना जागाच नाही, माहीत आहे का? साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिलं, शब्दकोश केला. आजीची बोली अशी मानाने पुस्तकात बसली.

आता तुमची टर्न!
१९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाने शंभरीच्या उंबरठ्यावर, जानेवारी २०२३ मध्ये १०८वी इंडियन सायन्स काँग्रेस भरवली. गोंदियाची कॉलेजंही याच विद्यापीठाची. तिथलं ज्ञान सभागृहातून निघून रोवणीच्या बांधीपर्यंत पोचलंच पाहिजे, आणि तेही आपल्या भाषेत. म्हणून पुढच्या वेळी कुणी प्रोफेसर वही घेऊन दारात आले, तर चहा पाजा, माहिती द्या आणि बिनधास्त विचारा, “सर, मॅडम, याचा आम्हाला उपयोग काय?” चांगल्या संशोधकाला हाच प्रश्न सर्वांत जास्त आवडतो!