पिझ्झाच्या छोट्या दुकानाचे अर्थगणित

नियोजनातील मुख्य संज्ञा

- स्थिर खर्च : विक्री कितीही असो, तेवढाच. गाळ्याचे भाडे, पगार, ओव्हनचा हप्ता.
- बदलता खर्च : प्रत्येक पिझ्झामागे वाढणारा. मैदा, चीज, सॉस, खोका.
- ना नफा, ना तोटा बिंदू : एका पिझ्झाच्या किमतीतून बदलता खर्च वजा करून उरलेल्या रकमेने स्थिर खर्चाला भागावे. नमुना : किंमत २०० रुपये, बदलता खर्च १२०, महिन्याचा स्थिर खर्च ६४,०००, उत्तर महिन्याला ८०० पिझ्झे.
- संधी खर्च : मालकाने सोडलेल्या नोकरीचा पगार. हिशोबवहीत दिसत नाही, नियोजनात धरला जातो.
- लवचिक मागणी : किंमत १० टक्के वाढल्यास खप त्याहून अधिक घटतो, एकूण उत्पन्न कमी होते.
- जीएसटी : सर्वसाधारण उपाहारगृहांना १५ नोव्हेंबर २०१७ पासून ५ टक्के, कच्च्या मालावरील कराची वजावट नाही.